ओसरीवरचे विज्ञान : न सुटणारे पाच टक्के पाणी

गेल्या महिन्यात या सदराकडे आलेल्या पत्रांत बेळगाव जिल्ह्यातील एका भगिनींचे पत्र होते. नाव-गाव प्रसिद्ध करू नये अशी त्यांची विनंती असल्याने ते आम्ही देत नाही. परंतु पत्रातील मजकूर अनेक घरांना आपलाच वाटेल असा आहे.

त्यांचे चिरंजीव रसायनशास्त्र विषय घेऊन बी. एस्सी. झाले. घरापासून फार दूर नसलेल्या एका साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत त्यांना मुलाखतीस बोलावणे आले. मुलाखत बरी चालली होती. पण एका प्रश्नापाशी गाडी अडली. "मळीपासून आपण जे स्पिरिट काढतो ते पंचाण्णव टक्क्यांच्या आसपास येऊन थांबते. उरलेले पाणी आणखी उकळून का निघत नाही?" मुलाने सांगितले, "मनोरा पुरेसा उंच नसेल म्हणून." विचारणारे गृहस्थ हसले आणि म्हणाले, "पुढच्या महिन्यात पुन्हा या. तोवर विचार करून ठेवा." घरी येऊन त्याने हा प्रसंग सांगितला, तेव्हा मामांनी तत्काळ तोडगा काढला, "अरे, मग दहा वेळा उकळायचे!" कोपऱ्यात जपमाळ घेऊन बसलेले आजोबा मात्र एवढेच बोलले, "एकदा उकळा की दहा वेळा उकळा, दारूच्या भट्टीवर माझा नातू जायचा नाही."

आजोबा पंढरीचे वारकरी. गळ्यात तुळशीची माळ. भगिनी लिहितात की मामंजींचा शब्द आजवर घरात कुणी मोडलेला नाही, आणि मुलाला दुसरी नोकरी समोर दिसत नाही. प्रश्नाचे उत्तर तर द्यावेच, पण मामंजींना काय सांगावे तेही सुचवावे, असा त्यांचा आग्रह आहे.

दुसऱ्या गोष्टीत आम्ही कोण सांगणार? घरचा निर्णय घरच्यांनीच घ्यावयाचा असतो. मात्र निर्णयापूर्वी वस्तुस्थिती समोर असावी, आणि ती मांडणे हे या सदराचे कामच आहे. म्हणून आधी मुलाखतीतील प्रश्न घेऊ, मग आजोबांकडे वळू.

प्रथम, उकळणे म्हणजे काय ते पाहू. कोणत्याही द्रवाच्या पृष्ठभागावरून त्याचे कण सतत बाहेर निसटत असतात. ओले धोतर दांडीवर वाळते ते यामुळेच. त्यासाठी त्याला कोणी उकळावे लागत नाही. झाकणबंद भांड्यात हे निसटलेले कण वर कोंडले जातात व भांड्याच्या भिंतींवर दाब देतात. या दाबाला बाष्पदाब म्हणतात. कोणता द्रव किती उतावीळ आहे, याचे हे माप. तीस अंश सेल्सियसला पाण्याचा बाष्पदाब पाऱ्याच्या सुमारे ३२ मिलिमीटर इतका असतो, तर अल्कोहोलचा सुमारे ७८ मिलिमीटर. इंजेक्शनापूर्वी दंडावर फिरवलेला स्पिरिटचा बोळा क्षणात वाळतो आणि पाण्याचा थेंब रेंगाळतो, त्याचे कारण हेच.

द्रव तापवला की बाष्पदाब वाढतो. वाढता वाढता तो बाहेरच्या हवेच्या दाबाशी बरोबरी करतो, तेव्हा द्रवाच्या पोटातूनही बुडबुडे उठू लागतात. हेच उकळणे. समुद्रकाठी हवेचा दाब सुमारे ७६० मिलिमीटर असतो, आणि तेथे पाणी १०० अंशांवर उकळते. बेळगाव समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरांहून उंच; तेथे हवेचा भार थोडा हलका, म्हणून पाणी सुमारे साडेसत्त्याण्णव अंशांवरच उकळते. शुद्ध अल्कोहोल ७६० मिलिमीटर दाबाखाली ७८.३ अंशांवर उकळते. हवेच्या दाबाचा हा मुद्दा वाचकांनी लक्षात ठेवावा. पुढे तो पुन्हा येणार आहे.

आता दोन द्रव एकत्र केले तर? फ्रान्समधील ग्रनोबल येथील फ्रान्स्वा-मारी राऊल्ट यांनी १८८७ साली यासंबंधीचा एक साधा नियम मांडला. मिश्रणात एखाद्या द्रवाच्या रेणूंचा वाटा जितका, तितक्याच प्रमाणात त्याचा स्वतःचा बाष्पदाब उमटतो. शंभर रेणूंत पन्नास रेणू त्याचे असतील तर त्याचा दाब निम्मा. नियम सोपा आहे, पण तो एका अटीवर चालतो. दोन्ही द्रवांच्या कणांना परकी शेजारसोबत घरच्या शेजारासारखीच वाटली पाहिजे. बेन्झीन आणि टोल्युइन ही अशी जोडी आहे. दोघांची घडण जवळजवळ सारखी. एकमेकांत मिसळले तरी कोणाला काही निराळे वाटत नाही. अशा मिश्रणाला आदर्श मिश्रण म्हणतात.

आदर्श मिश्रण उकळले की वर जाणाऱ्या वाफेत अधिक उतावीळ घटकाचा वाटा द्रवापेक्षा मोठा असतो. ती वाफ थंड करून पुन्हा उकळली की तो वाटा आणखी वाढतो. असे वारंवार केले की अखेर एक घटक जवळजवळ शुद्ध हाती येतो. डिस्टिलरीतील उंच मनोरा हेच काम एका दमात करतो. त्याच्या आत एकावर एक अनेक ताटे बसवलेली असतात. खालून वाफ चढते, वरून द्रव उतरतो, आणि प्रत्येक ताटावर एकेक लहानसे उकळणे-थिजणे घडत जाते. म्हणून मनोरा जितका उंच तितके वेगळे करणे चोख, हे चिरंजीवांचे म्हणणे अगदीच निराधार नव्हते. बेन्झीन-टोल्युइनच्या बाबतीत ते बरोबर ठरले असते.

परंतु पाणी आणि अल्कोहोल ही आदर्श जोडी नव्हे.

याचा एक साधा पुरावा महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत कोणालाही पाहता येतो. पन्नास मिलिलिटर पाण्यात पन्नास मिलिलिटर अल्कोहोल घातले तर माप शंभर भरत नाही. तीन-चार मिलिलिटर कमी भरते. काही सांडलेले नसते, उडालेले नसते. दोघांच्या कणांनी एकमेकांत शिरून आपली बसण्याची रीतच बदललेली असते. दोन शेर तांदूळ आणि दोन शेर तांदूळ मिळून चार शेर होतात. पण ज्वारीच्या मापात तीळ ओतले तर ते फटींत शिरतात, काहीसे तसे. येथे मात्र फटींच्या जोडीला एकमेकांची ओढ आणि नावड हीही काम करीत असतात.

ही ओढ-नावड समजण्यासाठी आपल्या एकत्र कुटुंबाचेच उदाहरण घेऊ. घरात नवी माणसे आली आणि त्यांचे स्वभाव जुळले, तर घर सोडून जाण्याची कोणाला विशेष घाई होत नाही, नि विशेष आळसही होत नाही. स्वभाव जुळले नाहीत तर जो तो दाराकडे पाहू लागतो. त्या घरातून माणसे अधिक सहज बाहेर पडतात. उलट एखाद्या घरी एवढा जिव्हाळा जमतो की आलेला पाहुणाही पाय काढीत नाही. द्रवांच्या मिश्रणात हे तीनही प्रकार आढळतात. जिथे कणांना नव्या शेजाराचा जाच होतो, तिथे एकूण बाष्पदाब राऊल्टच्या नियमाने अपेक्षिलेल्यापेक्षा अधिक येतो. जिथे त्यांना नवा शेजार स्वकीयांहूनही प्रिय होतो, तिथे तो कमी येतो.

पाणी आणि अल्कोहोल पहिल्या प्रकारात मोडतात. अल्कोहोलच्या रेणूचे एक टोक पाण्यासारखे, म्हणून ते पाण्यात हव्या त्या प्रमाणात मिसळते. पण त्याला कार्बन आणि हायड्रोजनची एक शेपटी आहे, व ती पाण्याला मानवत नाही. पाण्याचे रेणू एकमेकांचे हात घट्ट धरून असतात. हात धरण्याची ही सवय हेच पाणी इतक्या उशिरा उकळण्याचे कारण. आता कल्पना करावी की शंभर रेणूंत अल्कोहोलचे नव्वद आणि पाण्याचे जेमतेम दहा आहेत. पाण्याच्या एकेका रेणूभोवती सगळी अल्कोहोलची गर्दी. धरायला स्वकीयांचे हात पुरेसे नाहीत. अशा अवस्थेत पाणी आपल्या नेहमीच्या स्वभावापेक्षा किती तरी अधिक उतावीळ होते.

किती अधिक, हे आकड्यांत सांगता येते. ७८ अंशांच्या सुमारास शुद्ध पाण्याचा बाष्पदाब सुमारे ३३० मिलिमीटर, तर शुद्ध अल्कोहोलचा सुमारे ७५५ असतो. म्हणजे स्वतःच्या घरी पाणी अल्कोहोलच्या निम्म्याहूनही कमी उतावीळ आहे. परंतु अल्कोहोलच्या गर्दीत सापडलेले थोडेसे पाणी आपल्या स्वभावाच्या सुमारे २.३ पट उतावीळपणा दाखवते. ३३० ला २.३ ने गुणावे. उत्तर ७६० च्या आसपास येते. आता अल्कोहोल आणि पाणी दोघेही बाहेर पडण्यास सारखेच अधीर झाले. मग वाफेत त्यांचे प्रमाण द्रवातल्याप्रमाणेच राहणार, आणि उकळण्याने काहीच वेगळे होणार नाही.

मनोऱ्याची वाटचाल पाहिली की हे अधिक पटते. मळी आंबवून जे पातळ पाणी मिळते, त्यात अल्कोहोल साधारणतः आठ-दहा टक्केच असते. वजनाने दहा टक्के अल्कोहोल असलेल्या द्रवावर उठणाऱ्या वाफेत ते सुमारे निम्मे भरते. केवढी मोठी झेप! पण वर जाता जाता ही झेप आखूड होत जाते. नव्वद टक्क्यांच्या द्रवातून उठणारी वाफ जेमतेम एक-सव्वा टक्क्याने अधिक कसदार असते. आणि शंभर ग्रॅममध्ये ९५.६ ग्रॅम अल्कोहोल झाले, म्हणजे रेणूंच्या मोजणीने शंभरांत सुमारे एकोणनव्वद, की झेप शून्य. हे मिश्रण ७८.२ अंशांवर, म्हणजे शुद्ध अल्कोहोलपेक्षाही किंचित आधी उकळते आणि अखेरच्या थेंबापर्यंत त्याच प्रमाणात उकळत राहते. मनोरा दुप्पट उंच केला तरी उत्तर तेच. मामांनी दहा वेळा उकळले तरी तेच, शंभर वेळा उकळले तरी तेच.

गंमत अशी की या उंबरठ्याच्या पलीकडे चित्र उलटे होते. कोणी आपल्याला अठ्ठ्याण्णव टक्क्यांचे अल्कोहोल आणून दिले आणि ते आपण मनोऱ्यात घातले, तर आता पाणीच अधिक उतावीळ ठरते, वर ९५.६ टक्क्यांचे मिश्रण जाते आणि तळाशी शुद्ध अल्कोहोल उरते. म्हणजे उंबरठ्याच्या दोन्ही बाजूंस वेगळे करणे शक्य आहे, फक्त उकळण्याने तो ओलांडता येत नाही.

अशा मिश्रणाला अ‍ॅझिओट्रोप हे नाव १९११ साली जॉन वेड आणि रिचर्ड मेरिमन या दोघा रसायनशास्त्रज्ञांनी दिले. ग्रीक शब्दांवरून बनवलेल्या या नावाचा अर्थ उकळताना न बदलणारे. आपण त्याला स्थिर उकळबिंदूचे मिश्रण म्हणू.

जिव्हाळ्याच्या, म्हणजे उलट्या प्रकारच्या जोड्याही आहेत. हायड्रोक्लोरिक आम्ल आणि पाणी ही त्यांपैकी प्रसिद्ध जोडी. हायड्रोजन क्लोराइड हा एरवी वायू. शून्याखाली ८५ अंशांवरच तो उकळतो. पण पाण्यात शिरला की तो पाण्याला असा बिलगतो की सुमारे २०.२ टक्क्यांचे मिश्रण थेट १०८.६ अंशांवर उकळते. दोघांपैकी कोणीही एकटा इतक्या उशिरा उकळत नाही. तीव्र आम्ल उकळत ठेवा, वायू निघून जाऊन ते या प्रमाणावर उतरेल. सौम्य आम्ल उकळत ठेवा, पाणी निघून जाऊन ते याच प्रमाणावर चढेल. हे प्रमाण इतके भरवशाचे, की फौल्क आणि हॉलिंग्सवर्थ या संशोधकांनी १९२३ साली ते बारकाईने मोजून मोजमापाच्या प्रमाणद्रावासाठी वापरण्याजोगे करून दिले. नायट्रिक आम्लही असेच. सुमारे ६८ टक्क्यांना येऊन ते अडते. (हे प्रयोग घरी करावयाचे नव्हेत, हे सांगणे नलगे.)

येथे एक शंका सहज येते, आणि ती भल्याभल्यांना आली होती. ज्या मिश्रणाचे प्रमाण ठरलेले, उकळबिंदू ठरलेला, ते मिश्रण कसले? तो नवा संयुग पदार्थच नव्हे काय? १८६० च्या सुमारास हेन्री रॉस्को यांनी या शंकेचा निकाल लावला. त्यांनी हवेचा दाब बदलून तेच आम्ल उकळले आणि दाखवून दिले, की दाबाबरोबर ठरलेले प्रमाणही बदलते. खऱ्या संयुगाचे प्रमाण दाबाने बदलत नसते. पाणी महाबळेश्वरी उकळा की मालवणला, त्यातील हायड्रोजन आणि ऑक्सिजनचे प्रमाण तेच. तेव्हा अ‍ॅझिओट्रोप हे मिश्रणच, केवळ हट्टी मिश्रण. अल्कोहोल आणि पाण्याची तीच कथा. हवा ओढून घेऊन दाब सुमारे ७० मिलिमीटरच्या खाली नेला, तर हा उंबरठा नाहीसाच होतो. पण एवढ्या विरळ हवेत कारखाना चालवणे खर्चाचे पडते, म्हणून व्यवहारात दुसरे मार्ग शोधावे लागले.

पहिला मार्ग जुना आहे. कळीचा चुना पाण्यासाठी किती हपापलेला असतो, हे भिंती सारवणाऱ्या कोणालाही ठाऊक आहे. स्पिरिटमध्ये तो टाकून ठेवला की उरलेले पाणी तो पिऊन टाकतो, व वरून शुद्ध अल्कोहोल उकळून काढता येते. प्रयोगशाळेत हा मार्ग पिढ्यान्‌पिढ्या चालला.

दुसरा मार्ग १९०२ साली सिडनी यंग यांनी दाखवला, आणि तो खरोखर चतुराईचा आहे. दोघांचे भांडण मिटत नसेल तर तिसऱ्याला मध्ये घालावे! त्यांनी मिश्रणात बेन्झीन घातले. बेन्झीन, अल्कोहोल आणि पाणी या तिघांचे मिळून एक निराळेच स्थिर मिश्रण होते व ते ६४.९ अंशांवरच उकळते. ते सर्वांआधी वर निघून जाते आणि जाताना पाणी घेऊन जाते. तळाशी कोरडे अल्कोहोल उरते. पुढे बेन्झीनमुळे कर्करोग होतो हे सिद्ध झाल्यावर त्याच्या जागी सायक्लोहेक्झेन आणले गेले.

तिसरा मार्ग आज आपल्याकडील बहुतेक साखर कारखान्यांत दिसतो. झिओलाइट नावाच्या खनिजासारखा पदार्थ कृत्रिमरीत्या तयार करून त्याच्या लहान गोळ्या उंच टाक्यांत भरतात. या गोळ्यांच्या अंगी सर्वत्र बारीक भोके असतात, आणि ती सगळी एका मापाची, सुमारे तीन आंगस्ट्रॉम. एक आंगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग. पाण्याचा रेणू तिथून आत शिरतो, अल्कोहोलचा अंगाने मोठा रेणू बाहेरच राहतो. रवा वर ठेवून पीठ खाली पाडणारी आपली चाळणच ती, फक्त रेणूंसाठी केलेली. एक टाकी पाण्याने भरली की दुसरी चालू करतात आणि पहिलीतील दाब कमी करून पाणी काढून घेतात. या चाळणीतून निघालेले अल्कोहोल साडेनव्व्याण्णव टक्क्यांहून अधिक शुद्ध असते.

एवढा खटाटोप कशासाठी? तर पेट्रोलसाठी. पेट्रोलला पाण्याचे मुळीच वावडे. अल्कोहोलसोबत पाणी आत शिरले, तर ते अल्कोहोललाही आपल्याकडे ओढून टाकीच्या तळाशी निराळा थर धरते, आणि गाडी रस्त्यात बंद पडते. म्हणून पेट्रोलमध्ये मिसळावयाचे इथेनॉल कोरडेच हवे. आपल्या देशात याची चाचणी २००१ साली तीन ठिकाणी झाली. त्यांपैकी दोन ठिकाणे महाराष्ट्रातील, मिरज आणि मनमाड. मिरज तर बेळगावकरांच्या शेजारचेच. २००३ पासून काही राज्यांत पाच टक्के इथेनॉल मिसळण्यास आरंभ झाला, २०२२ च्या जूनमध्ये देशभराची सरासरी दहा टक्क्यांवर पोहोचली, आणि २०२५ साली वीस टक्क्यांचा टप्पा गाठला गेला. कृष्णा, घटप्रभा आणि मलप्रभा यांच्या काठच्या उसाचा यात मोठा वाटा आहे.

आता एक इशारा दिल्यावाचून पुढे जाणे आम्हांस योग्य वाटत नाही. कारण अर्धवट समजलेले विज्ञान कधी कधी जिवावर बेतते. कारखान्यांतील रंगकाम, पॉलिश यांसाठीच्या स्पिरिटमध्ये विषारी पदार्थ मुद्दाम मिसळलेले असतात, आणि त्यांत मिथेनॉलही असू शकते. मिथेनॉल ६४.७ अंशांवर उकळते आणि पाण्याशी त्याचे अ‍ॅझिओट्रोप होत नाही. हे वाचून कोणी म्हणेल, मग ते आधी उकळून काढून टाकले की झाले. पहिली धार ओतून द्यावी, बाकीचे निर्धोक. हा समज सर्वथा चुकीचा आहे. साध्या भट्टीत मिथेनॉल सुरुवातीच्या धारेत एकवटून निघून जात नाही. ते शेवटपर्यंत थोडे थोडे येत राहते. त्याला वेगळे करण्यास अनेक ताटांचा मनोरा आणि जाणता माणूस लागतो. शरीरात मिथेनॉलचे फॉर्मिक आम्ल होते. ते आधी दृष्टी नेते आणि पुष्कळदा प्राणही. २०१५ च्या जूनमध्ये मुंबईत मालवणी येथे अशा विषारी दारूने शंभराहून अधिक माणसे मेली. २०२२ च्या जुलैत गुजरातेत बोटाद परिसरात आणि २०२४ च्या जूनमध्ये तमिळनाडूत कल्लकुरिची येथे तेच घडले. मेलेले बहुतेक हातावर पोट असलेले. अशा घरांतून मागे कोण राहते, ते सांगावयास नको.

आजोबांना दारूविषयी जो तिटकारा आहे, त्याला असे आधार आहेत. त्यांनी गावात काय काय पाहिले असेल, ते आपण जाणत नाही. म्हणून त्यांचा नकार हा केवळ जुन्या माणसाचा हट्ट आहे असे चिरंजीवांनी समजू नये, ही आमची पहिली विनंती.

परंतु आजोबांसमोर संपूर्ण वस्तुस्थिती यावी, हेही तितकेच खरे. ती अशी. मनोऱ्यातून निघणाऱ्या स्पिरिटला तीन वाटा फुटतात. एक वाट औषधांच्या आणि रसायनांच्या कारखान्यांकडे जाते. दवाखान्यातील निर्जंतुक करण्याचे स्पिरिट, अर्क, औषधे हे सारे त्या वाटेवरचे. येथेही एक मौज आहे. जखम किंवा हात निर्जंतुक करण्यास शुद्ध अल्कोहोलपेक्षा सत्तर टक्क्यांचे अधिक उपयोगी पडते, कारण जंतूंची प्रथिने बिघडवण्याच्या कामात पाण्याची साथ लागते. जे पाणी काढण्यासाठी पेट्रोलवाल्यांनी एवढी यातायात केली, तेच पाणी डॉक्टरांना हवे असते. दुसरी वाट चाळणीच्या टाक्यांतून पेट्रोलकडे जाते. आणि तिसरी वाट, अधिक शुद्धी करून, मद्याकडे जाते. हे लपवून ठेवण्यात अर्थ नाही. काही कारखाने तीनही वाटा चालवतात, काही फक्त इंधनासाठीच इथेनॉल काढतात. बाहेरून मनोरा पाहून कोणती वाट कुठे जाते ते कळत नाही.

म्हणून चिरंजीवांनी पुढील मुलाखतीस जाताना उत्तर तर घेऊन जावेच, पण एक प्रश्नही घेऊन जावा. "आपल्या कारखान्यातील अल्कोहोल कुठे जाते, आणि मला कोणत्या विभागात काम करावे लागेल?" असे विचारण्यात काही उद्धटपणा नाही, उलट विचारी उमेदवाराचे ते लक्षण समजले जाते. मिळालेले उत्तर जसेच्या तसे आजोबांना येऊन सांगावे. गोड करून सांगू नये. उत्तर पेट्रोलचे असेल, तर उसाच्या मळीतून गाडीचे इंधन काढण्याच्या कामाला वारकऱ्याची हरकत असेल असे आम्हांस वाटत नाही. उत्तर मद्याचे असेल, तर मात्र आजोबांनी "नको" म्हणावे आणि नातवाने ते ऐकावे की न ऐकावे, हे त्या दोघांनी एकमेकांसमोर बसून ठरवावे. तेथे आमच्या सदराची हद्द संपते.

आता मुलाखतीचे उत्तर पाच वाक्यांत. अल्कोहोल आणि पाणी यांचे मिश्रण आदर्श नाही. अल्कोहोलच्या गर्दीत पाण्याचा उतावीळपणा वाढतो. वजनाने ९५.६ टक्क्यांना दोघांचा उतावीळपणा सारखा होतो, म्हणून वाफ आणि द्रव यांचे प्रमाण एकच राहते व मनोरा कितीही उंच केला तरी वेगळे होत नाही. हे संयुग नव्हे, कारण दाब बदलला की प्रमाण बदलते. पुढील पाणी काढण्यास तिसरा द्रव किंवा रेणूंची चाळण लागते. एवढे स्वतःच्या शब्दांत सांगता आले तर ते गृहस्थ पुन्हा हसतील, पण वेगळ्या अर्थाने.

मामांना एवढेच कळवावे, की उकळण्यास आमची हरकत नाही, पण जळण त्यांनी आणावे.

मुलाखतीचे व घरचे काय झाले ते भगिनींनी सवडीने अवश्य कळवावे. त्यांची संमती असल्यास वाचकांनाही सांगू. पुढील अंकी, काही विहिरींच्या पाण्यात तुरीची डाळ का शिजत नाही आणि चिमूटभर खाण्याचा सोडा टाकल्याने नेमके काय होते, याविषयी.